स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पोटातल्या शिरेत गुठळी निघाली, तर घरच्यांनी काय करायचं

सीटी स्कॅनचा रिपोर्ट हल्ली संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येतो आणि डॉक्टरांची वेळ असते दुसऱ्या दिवशी दुपारची. मधल्या रात्री घरातलं कुणीतरी शिकलेलं पोर एकेक शब्द मोबाइलवर शोधत बसतं. 'पोर्टल व्हेन थ्रॉम्बोसिस' किंवा 'स्प्लेनिक व्हेन थ्रॉम्बस' या शब्दांपाशी येऊन सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. सकाळी ही माणसं आमच्या काउंटरपाशी उभी असतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "सिस्टर, कॅन्सर पसरला का हो?"

मी नाशिकला केमोच्या डे-केअरमध्ये सिस्टर आहे. औषध कोणतं, किती आणि कधीपर्यंत, हे तुमचे कॅन्सरचे डॉक्टर ठरवतील. मी लिहिते आहे ते घरच्यांच्या वाट्याचं काम: रिपोर्टात काय बघायचं, डॉक्टरांना काय विचारायचं, रक्त पातळ करणारी सुई कशी द्यायची आणि काय दिसलं की रात्रीच गाडी काढायची. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. गुठळी निघाली म्हणजे कॅन्सर पसरलाच, असं नाही. पण "छोटीशी तर आहे" म्हणून रिपोर्ट फाइलीत सारून द्यावा, अशीही ही गोष्ट नाही.

गुठळी नेमकी इथेच का

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं असतं. त्याच्या पाठीला लागूनच प्लीहेकडून येणारी शीर जाते, ती स्प्लेनिक व्हेन. खालून आतड्यांचं रक्त घेऊन एक मोठी शीर वर येते, ती सुपीरियर मेसेंटेरिक व्हेन. रिपोर्टात तिला नुसतं 'एसएमव्ही' लिहितात. स्वादुपिंडाच्या मानेमागे या दोघी एकत्र येतात आणि तिथून पुढे पोर्टल व्हेन या नावाने यकृतात शिरतात. यकृताला मिळणाऱ्या रक्तातलं सुमारे पाऊण रक्त याच वाटेने जातं. म्हणजे गाठ जिथे वाढते, तिला खेटूनच या तिन्ही शिरा आहेत.

गाठ शिरेला दाबते, त्यामुळे रक्ताचा वेग मंदावतो. शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होते. शिवाय कॅन्सरच्या पेशी स्वतःच रक्त गोठायला लावणारे पदार्थ सोडतात आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये हे फार जोरात चालतं. केमो सुरू करताना गुठळीचा धोका मोजायला डॉक्टर खोराना स्कोअर वापरतात. त्यात स्वादुपिंड आणि जठर यांच्या कॅन्सरला नुसत्या जागेचेच 2 गुण मिळतात, बाकीच्या गोष्टी मोजायच्या आधीच. कॅन्सर आणि गुठळ्या यांचं नातं पॅरिसचे डॉक्टर आर्माँ त्रूसो यांनी 1865 मध्ये मांडलं होतं. दोन वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या हाताच्या शिरेत तशीच गुठळी झाली, त्यावरून त्यांनी आपल्याला कॅन्सर असल्याचं ओळखलं आणि त्याच वर्षी जठराच्या कॅन्सरने ते गेले.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की घरातली बाई हमखास विचारते, "माझ्या हातून काही खायला चुकीचं गेलं का?" नाही. तूप घातलं, भात दिला, थंड पाणी दिलं, यातल्या कशानेही ही गुठळी झालेली नाही. हे ओझं मनावरून आजच उतरवा.

रिपोर्ट कसा वाचायचा

रिपोर्टाच्या शेवटी 'इम्प्रेशन' असतं, तिथून सुरुवात करा. पण तिथेच थांबू नका. शिरांबद्दलचं खरं वर्णन पुष्कळदा वरच्या परिच्छेदात, 'फाइंडिंग्ज'मध्ये असतं आणि खाली एका ओळीत गुंडाळलेलं असतं. पेन्सिल घेऊन शिरेचं नाव जिथे जिथे आलं आहे, तिथे रेघ मारा.

आधी शीर कोणती ते बघा. तिघींचे धोके वेगवेगळे आहेत. एकटी स्प्लेनिक व्हेन बंद झाली, तर प्लीहेचं रक्त जठराभोवतीच्या बारीक शिरांमधून वाट काढतं आणि त्या शिरा फुगतात. पोट दुखत नाही, काही नाही, आणि एक दिवस रक्ताची उलटी होऊ शकते. एसएमव्हीमध्ये गुठळी असेल, तर काळजी आतड्यांची: रक्त परत जायची वाट अडली की आतडं सुजतं, आणि फारच अडलं तर ते काळं पडू शकतं. पोर्टल व्हेन अडली, तर पोटात पाणी होणं, प्लीहा वाढणं, अन्ननलिकेच्या शिरा फुगणं, हा सगळा पसारा मागे लागू शकतो.

मग बघा गुठळी अर्धवट आहे की शीर पूर्ण बंद. 'पार्शियल' किंवा 'नॉन-ऑक्लुसिव्ह' लिहिलं असेल तर रक्त अजून बाजूने वाहतं आहे. 'कम्प्लीट' किंवा 'ऑक्लुसिव्ह' म्हणजे वाट बंद. 'कोलॅटरल्स' किंवा 'कॅव्हर्नस ट्रान्सफॉर्मेशन' हे शब्द दिसले, तर गुठळी बहुधा आजकालची नाही. पाटात माती येऊन पाणी अडलं की ते शेजारच्या चरांतून वाट काढतं, तशा शरीराने आजूबाजूने नव्या बारीक शिरा तयार केलेल्या असतात, आणि त्याला आठवडे, महिने लागतात. म्हणून जुना स्कॅन सोबत न्यायचा. फिल्म नव्हे, सीडी. फिल्मवर निवडक चित्रं असतात. सीडीवरून रेडिओलॉजिस्ट दोन्ही स्कॅन शेजारी लावून गुठळी नवी की जुनी, वाढली की आटली, हे सांगू शकतो.

सगळ्यात मोठा प्रश्न मात्र हा, आणि तो डॉक्टरांना याच शब्दांत विचारा: "ही रक्ताची गुठळी आहे, की गाठच शिरेत शिरली आहे?" रिपोर्टात एकाला 'ब्लँड थ्रॉम्बस' म्हणतात आणि दुसऱ्याला 'ट्यूमर थ्रॉम्बस'. स्कॅनच्या वेळी शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्त उजळ दाखवणारं औषध) दिल्यावर साधी गुठळी काळपटच राहते. गाठीला स्वतःचा रक्तपुरवठा असतो म्हणून ती उजळते. शंका असेल तर डॉपलर सोनोग्राफीही करतात. फरक महत्त्वाचा अशासाठी की रक्त पातळ करणारं औषध रक्ताच्या गुठळीवर चालतं. शिरेत शिरलेली गाठ त्याने विरघळत नाही.

'एन्केसमेंट' आणि 'अबटमेंट' हे आणखी दोन शब्द लोक गुठळीत मिसळतात. ते गुठळीबद्दल नाहीतच. गाठीने शिरेचा घेर किती व्यापला आहे, ते त्यातून कळतं: अर्ध्यापर्यंत टेकली असेल तर अबटमेंट, अर्ध्याहून जास्त वेढली असेल तर एन्केसमेंट. ऑपरेशन होईल की नाही हे यावर, आणि ती शीर कापून पुन्हा जोडता येईल का यावर ठरतं. नुसता 'गुठळी' शब्द दिसला म्हणून "आता ऑपरेशन गेलं" असं घरी बसून ठरवू नका. हा प्रश्न स्वादुपिंडाची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनला विचारायचा.

"काही त्रासच नाही, मग औषध कशाला?"

पोटातल्या गुठळ्या पुष्कळदा अशाच सापडतात. केमोचा उपयोग किती झाला हे बघायला सीटी केला आणि गुठळी दिसली. पेशंट ठणठणीत, जेवतो आहे, फिरतो आहे. निफाडकडचे एक काका असेच होते. द्राक्षाच्या बागेतून थेट आले होते, सदऱ्याला अजून फवारणीचा वास. त्यांना रोज दोन सुया म्हणजे शिक्षा वाटली. त्यांना मी सांगितलं तेच इथे लिहिते: त्रास नसलेली गुठळीसुद्धा पुढे सरकू शकते, वाढू शकते. म्हणून बहुतेक वेळा डॉक्टर उपचार सुचवतातच. जिथे रक्तस्रावाचा धोका जास्त, तिथे ते थांबतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करतात. दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात. तुम्ही फक्त विचारा की आपल्या पेशंटसाठी हा निर्णय का घेतला, आणि उत्तर वहीत लिहून ठेवा.

पहिल्या सुईआधी डॉक्टरांच्या कानावर काय घालायचं

पेशंटच्या घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या. सांगून भागत नाही, पिशवीच न्या. हृदयात स्टेंट टाकलेला असतो आणि ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वर्षानुवर्षं चालू असतं. ती गोळी घरच्यांना औषध वाटतच नाही, चहासारखी सवयीची झालेली असते. गुडघ्यासाठी घेतलेली गोळी, फिटची गोळी, टीबीची औषधं, कुणी आणून दिलेला काढा, सगळं त्या पिशवीत टाका. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटसाठीचं फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन यांनी रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांचा असर कमी होतो. बुरशीवरची काही औषधं तो वाढवतात.

पूर्वी कधी काळ्या रंगाची शी झाली होती का, अल्सर होता का, रक्ताची उलटी झाली होती का, हे सांगा. शिरा फुगल्याची शंका असेल तर आधी एंडोस्कोपी करावी लागेल का, ते विचारा. पुढच्या काही दिवसांत पित्तनळीचा स्टेंट बदलायचा आहे का, बायोप्सी आहे का, पाठीतून किंवा एंडोस्कोपीतून दुखण्यासाठी ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) द्यायचा आहे का, दात काढायचा आहे का, तेही सांगा. आणि ताज्या रक्ताच्या रिपोर्टातले तीन आकडे समोर ठेवा: हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन.

यात आणखी एक आकडा असतो आणि त्याबद्दल मी फार हट्टी आहे: वजन. एनॉक्सापारिन या रक्त पातळ करणाऱ्या सुईचा उपचाराचा डोस साधारणपणे दर किलोला 1 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी असा असतो. 62 किलोच्या माणसाला 60 मिलिग्रॅमची सिरिंज लिहून दिली. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये माणूस बघता बघता सुकतो. तीन महिन्यांत तोच पेशंट 48 किलोवर येतो आणि चिठ्ठीवर डोस मात्र तोच चालू राहतो, कारण घरचे जुनीच चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून आणत असतात. त्यामुळे प्रत्येक भेटीत काट्यावर उभं करा आणि विचारा, "वजन इतकं झालंय, डोस तोच ठेवायचा ना?" पोटात पाणी असेल तर तेही सांगा, कारण मग काट्यावरचा आकडा खरा नसतो. मूत्रपिंडं मंदावली असतील तरी डोस कमी करावा लागतो, म्हणून क्रिएटिनिन.

सुई की गोळी, हाही प्रश्न येतो. पूर्वी सगळ्यांना वॉरफरिनच्या गोळ्या देत. 2003 मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की कॅन्सरच्या पेशंटमध्ये वॉरफरिनच्या मानाने डॅल्टेपारिनच्या सुईवर पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं होतं. स्वादुपिंडाच्या पेशंटला तर वॉरफरिन आणखीच बेभरवशाचं पडतं: कावीळ असते, स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, त्यामुळे के जीवनसत्त्व कमी पडतं आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा) रोज वेगळा येतो. आता अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन या गोळ्या आहेत आणि कॅन्सरमधल्या पाय-फुप्फुसाच्या गुठळ्यांसाठी त्यांचे चांगले अभ्यास झाले आहेत. पण गाठ जठरात किंवा लहान आतड्यात घुसली असेल, उलट्या होत असतील, प्लेटलेट डळमळत असतील, तर डॉक्टर सुईकडे झुकतात. सुई लिहून दिली म्हणजे केस हाताबाहेर गेली, असं नाही.

सुई घरी देताना

पहिली सुई आमच्यासमोर द्या. बघून नव्हे, स्वतःच्या हाताने. शेजारच्या कंपाउंडरवर दिवसातून दोनदा, तेही महिनोन्‌महिने, अवलंबून राहता येत नाही. घरात एकाला येऊन चालत नाही, दोघांना यायला हवी.

मागच्या उन्हाळ्यात एक सून शिकायला आली होती. हातात सिरिंज धरली आणि लगेच टोक वर करून टिचकी मारायला लागली, आतला हवेचा बुडबुडा काढायला. सिनेमात, दवाखान्यात सगळ्यांनी तेच पाहिलेलं असतं. मी तिचा हात धरून थांबवलं. भरून आलेल्या सिरिंजमधला तो बुडबुडा पूर्ण डोस देताना काढायचा नसतो. तो काढायला गेलं की औषधाचे थेंब उडतात आणि डोस कमी पडतो. सुई खाली टोक करून धरली की बुडबुडा वर, दट्ट्याच्या बाजूला जातो आणि शेवटी थोडं औषध पुढे ढकलून देतो. सिरिंजमधलं अर्धंच औषध द्यायला सांगितलं असेल तर पद्धत वेगळी, ती सिस्टरकडून करून घ्या.

हात साबणाने धुवा. पेशंटला मागे रेलून बसवा किंवा झोपवा. बेंबीपासून दोन इंच सोडून, डावीकडे किंवा उजवीकडे, कमरेच्या बाजूची जागा निवडा. जुना व्रण, टाके, नळी, निळा डाग यांच्यावर नको. स्पिरिटने पुसा आणि जागा वाळू द्या, ओल्यावर टोचलं तर आग होते. अंगठा आणि बोटाने कातडीची घडी हलकेच उचला आणि ती सुई बाहेर येईपर्यंत सोडू नका. सुई सरळ उभी, तिरकी नाही, पूर्ण आत. दट्ट्या सावकाश दाबा, मनात दहापर्यंत मोजा. सुई सरळच बाहेर काढा. मग कोरडा कापूस नुसता टेकवून ठेवा. चोळू नका, चोळलं की तिथे हमखास निळं-काळं होतं. पोटात पाणी होऊन पोट ताणलं असेल, घडीच येत नसेल, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायला डॉक्टर सांगतात.

सकाळी आठ, रात्री आठ, अशी वेळ बांधून घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेला 'डा' किंवा 'उ' लिहा, म्हणजे कोणत्या बाजूला दिली आणि दिली की नाही, दोन्ही कळतं. एखादी सुई राहिली तर दुसऱ्या वेळी दोन देऊ नका. फोन करून विचारा. टोचल्या जागी रुपयाएवढा निळा डाग नेहमीचाच. तो पसरत गेला, कडक गोळा झाला, दुखायला लागला, तर दाखवा.

साठवणीचं: खोक्यावर छापलेलं तापमान वाचा. बहुतेकांवर 25 अंशांच्या खाली आणि 'गोठवू नका' असं असतं. फ्रीझरमध्ये ठेवलेली सिरिंज वापरायची नाही. जळगाव, अकोल्याकडे मे महिन्यात घरात 25 अंश कुठून आणणार? त्यामुळे महिन्याचा साठा करू नका. थोड्या थोड्या आणा आणि कुठे ठेवायच्या ते त्या ब्रँडच्या कागदानुसार केमिस्टला विचारा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका, झाकण घट्ट लावा आणि भरली की दवाखान्यात परत आणा. घंटागाडीत टाकू नका, तो कचरा कुणीतरी हाताने वेगळा करतं.

पैशांचं बोलायला संकोच नको. एनॉक्सापारिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे तिच्या किमतीवर सरकारची मर्यादा आहे. तरी ब्रँडप्रमाणे फरक पडतो. जनऔषधी केंद्रात विचारा. गोळ्यांच्या जेनेरिक आता सहज मिळतात. महात्मा फुले योजनेत उपचार चालू असतील तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, की घरी द्यायच्या सुया कशात बसतात. पैशांपायी एक आड एक सुई देणारी घरं मी पाहिली आहेत. तसं करण्यापेक्षा येऊन सांगा. डॉक्टर परवडेल असा पर्याय शोधतात.

लक्ष दोन्हीकडे ठेवायचं

हे औषध चालू असताना घरच्यांना एकाच वेळी दोन उलट गोष्टींवर नजर ठेवावी लागते: रक्त वाहतंय का, आणि रक्त गोठतंय का.

वाहण्याची पहिली खूण पुष्कळदा शौचात दिसते. डांबरासारखी काळी, चिकट, वेगळाच उग्र वास असलेली शी म्हणजे वर कुठेतरी रक्त गेलं आहे. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती अशी चिकट, डांबरी नसते. शंका आली तर मोबाइलवर फोटो काढून पाठवा, लाजू नका. लाल रक्त, कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा रक्ताची उलटी, घाम फुटून चक्कर येणं, पडून डोक्याला मार लागणं (वरून काही दिसत नसलं तरी), यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. 108 ला फोन करा किंवा हाताशी असेल त्या गाडीने निघा. पुढची सुई तोवर देऊ नका.

गोठण्याकडची खूण म्हणजे पोटात अचानक वाढलेली कळ. कॅन्सरचं दुखणं ओळखीचं असतं, पाठीत जाणारं, रोजचं. हे वेगळं असतं: जेवल्यावर उसळतं, नेहमीच्या मॉर्फिनला जुमानत नाही, पोट फुगतं, उलट्या, कधी शौचातून रक्त. आतड्याचं रक्त अडल्याची ही लक्षणं असू शकतात. पोट झपाट्याने मोठं होऊन धोतर किंवा साडीची गाठ आवळायला लागली, तर पाणी झालं असेल. एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली, अचानक धाप लागली, छातीत टोचलं, तर गुठळी पायात किंवा फुप्फुसात आहे का ते बघावं लागतं. पोटात गुठळी असलेल्याला ती इतरत्रही होऊ शकते. पित्तनळीत स्टेंट असेल आणि थंडी वाजून ताप आला, तर तो गुठळीपेक्षाही आधी स्टेंट तुंबल्याचा इशारा समजा आणि त्याच रात्री न्या.

इमर्जन्सीत ड्युटीवर असलेला डॉक्टर तुमच्या पेशंटला ओळखत नसतो. त्यासाठी एक कागद करून ठेवा. वर नाव, वय, रक्तगट. खाली: स्वादुपिंडाचा कॅन्सर, गुठळी कोणत्या शिरेत, स्कॅनची तारीख, औषधाचं नाव आणि डोस, वजन, स्टेंट आहे का, कोणत्या औषधाची ॲलर्जी, आपल्या डॉक्टरांचा नंबर. शेवटी शेवटची सुई किती वाजता दिली, ते पेनने लिहायला जागा. एक प्रत पेशंटच्या पिशवीत, एक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये. दारात गेल्यावर पहिलं वाक्य हेच: "कॅन्सरचे पेशंट आहेत, रक्त पातळ करायचं औषध चालू आहे, शेवटचा डोस इतक्या वाजता."

रोजच्या घरात

दुखलं की कॉम्बिफ्लाम, व्होव्हेरान, डिस्प्रिन नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांनी जठरातून रक्त जायचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. "बेंबी सरकली असेल" म्हणून कुणाकडूनही पोट चोळून घेऊ नका, एरंडेल लावूनसुद्धा नाही. दातांना मऊ ब्रश, दाढीला इलेक्ट्रिक रेझर.

खाण्यातली एक गैरसमजूत फार पसरली आहे. मेथी, पालक, कोथिंबीर बंद करायची सूचना वॉरफरिनच्या पेशंटसाठी असते, आणि तिथेही ती "बंद" अशी नसून "रोज सारख्या प्रमाणात" अशी असते. एनॉक्सापारिन किंवा अपिक्साबॅन घेणाऱ्याला हिरव्या भाज्या मना नाहीत. आधीच घास उतरत नाही, त्यात आवडीची मेथीची भाजी कशाला काढून घ्यायची? फोडणीतला लसूण, भाजीतली हळद चालते. लसणाच्या, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्या असतील तर त्या जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर घ्यायच्या, जेवण झाल्यावर नाही. रिव्हारोक्साबॅनच्या 15 आणि 20 मिलिग्रॅमच्या गोळ्या जेवणासोबत घ्यायच्या. अपिक्साबॅनला तशी अट नाही.

पाणी पीत राहायचं, घरातल्या घरात दर तासाला चार फेऱ्या मारायच्या. नाशिकहून परळला टाटामध्ये जाणारी माणसं चार-पाच तास गाडीत बसून असतात. कसाऱ्याला उतरवून चालवा, आणि रेल्वेत असाल तर डब्यातच उभं करा.

केमोच्या आधी रक्त तपासलं जातं, तेव्हा प्लेटलेटचा आकडा स्वतः बघा. 50,000 च्या खाली गेला असेल, तर त्या संध्याकाळची सुई द्यायच्या आधी फोन करा. डोस कमी करायचा की थांबवायचा, ते डॉक्टर ठरवतात. सुई सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत प्लेटलेट एकदम निम्मे झाले, तर केमोलाच दोष देऊन मोकळे होऊ नका. क्वचित हेपारिनच्या औषधांमुळेही (एनॉक्सापारिन, डॅल्टेपारिन त्यातलीच) तसं होतं आणि मग औषधच बदलावं लागतं.

स्टेंट, बायोप्सी, ब्लॉक यांच्या आधी औषध थांबवायला सांगतात. उपचाराच्या डोसची सुई साधारण 24 तास आधी, गोळ्या त्याहून जास्त आधी. केव्हा थांबवायचं हे सगळे सांगतात. पुन्हा केव्हा सुरू करायचं, हे डिस्चार्जच्या गडबडीत राहून जातं आणि पेशंट आठवडाभर औषधाविना घरी असतो. डिस्चार्ज कार्डवर "सुई या तारखेला, या वेळी सुरू" असं लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.

किती दिवस

निदान तीन ते सहा महिने, आणि कॅन्सर किंवा केमो चालू आहे तोवर बहुधा पुढेही. गुठळी विरघळली का, हे पुढच्या सीटीत दिसतं. पूर्ण गेली नाही तरी निराश होऊ नका. ती वाढली नाही आणि बाजूने रक्त वाहू लागलं, हेही औषधाचं यशच आहे.

आणि एक वेळ अशी येते की केमो थांबलेली असते, पेशंट अंथरुणावर असतो, अंगावर मांस उरलेलं नसतं आणि रोजची सुई हा रोजचा छळ होतो. तेव्हा सुई चालू ठेवायची का, हे विचारणं म्हणजे माणूस सोडून देणं नव्हे. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करून आराम देणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा: आता या औषधाने त्यांना आराम मिळतोय की नुसत्या टोचण्या? पेशंट शुद्धीवर असेल तर आधी त्यालाच विचारा. मात्र घरच्या घरी, कुणाला न सांगता सुई बंद करू नका. डॉक्टरांनी बंद करायला सांगितली, तर पाय सुजला किंवा पोट दुखलं तर घरी काय द्यायचं, ती औषधं आणि रात्री फोन कुणाला करायचा, हे त्याच भेटीत लिहून घ्या.